राणी आत आहे!

"एका दवाखान्यात दोन दंतवैद्य काम करत असतात," कोडेकर जिन्याच्या मधोमध उभा राहून म्हणाला. "पहिला दंतवैद्य हा दुसऱ्या दंतवैद्याच्या मुलाचा बाप! आता सांग, कसं काय?"

"सरक!" ठिणगी ओरडली. तिच्या हातांवर हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत होती आणि सगळ्यात वरचा जाडजूड शब्दकोश तिच्या नाकावर घसरत होता. "आधी सरक, मग कोडी घाल!"

"उत्तर दे, मग सरकतो."

"मुलगा दत्तक दिला असेल! नाहीतर पळवला असेल! मला काय करायचंय?"

"चूक! ती त्या मुलाची आई!"

"मग 'दुसरी दंतवैद्य' म्हणायला काय तुझी जीभ झडली होती?"

"मी 'दुसऱ्या दंतवैद्याच्या' म्हणालो. त्याला मिशा तू लावल्यास. पदरचं घातलंस, ताई!"

ठिणगीने दात-ओठ खाल्ले. हात मोकळे असते तर तिने त्याला तिथेच चांगला हाणला असता. कोडेकर तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं दहा. गेल्या वाढदिवसाला कुणीतरी त्याला कोड्यांचं पुस्तक दिलं होतं आणि तेव्हापासून घरात कुणाला सुखाने दातसुद्धा घासता येत नव्हते. ते पुस्तक त्याला तोंडपाठ होतं, उत्तरांसकट. आणि उत्तर चुकलं की वर हे "पदरचं घातलंस!"

सुट्टी लागल्यावर दोघं मावशीकडे आली होती. मावशीचे यजमान, म्हणजे काका, गावच्या वाचनालयाचे व्यवस्थापक. काकांनी तळ्यावर नावेतून फिरवून आणायचं कबूल केलं होतं. पण वाचनालयाच्या लाकडी कपाटांना वाळवी लागली आणि नावेच्या जागी मुलांच्या वाट्याला पुस्तकांची हमाली आली! आज सगळ्या इमारतीला औषधाची धुरी द्यायची होती. दारं-खिडक्या कागद चिकटवून बंद करायच्या, आत विषारी धूर सोडायचा आणि दोन दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही. त्यासाठी भिंतीलगतच्या कपाटांतली पुस्तकं काढून खोल्यांच्या मधोमध रचायची होती.

"धुरी सुरू झाली की थेट तळ्यावर!" काका सकाळपासून म्हणत होते. त्यामुळे ठिणगी मुकाट्याने ओझी वाहत होती. निदान मुकाट्याने वाहायचा प्रयत्न तरी करत होती.

"आता हे सोपं आहे," कोडेकर तिच्या मागोमाग आला. "एक माणूस खोलीत बसलाय. दार सताड उघडं. हातपाय बांधलेले नाहीत. बाहेरून सगळे हाका मारतायत, तरी तो बाहेर येत नाही. का?"

"तू बाहेर उभा आहेस म्हणून!"

"चूक! ते त्याचं घरच आहे! घर सोडून तो कशाला येईल?"

"हे काय कोडं झालं?" ठिणगीने चळत धाडकन जमिनीवर ठेवली. धुळीचा लोट उठला. "यात डोकं कुठे लागतं? ही निव्वळ लबाडी आहे!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावर टेबलावरचा फोन खणखणला.

फोन घ्यायला वादळ होती. वादळ म्हणजे मावशीची मुलगी. वय अकरा. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण चोख ठेवलं होतं. तिचे पाय आधी धावत, तोंड त्याच्यामागे आणि डोकं सावकाश, जमेल तसं येई.

"हॅलो! हो, वाचनालय! काय? कोण? हॅलो? हॅलो?"

मग रिसीव्हर आदळल्याचा आवाज, खुर्ची पडल्याचा आवाज आणि अंगणापर्यंत जाणारी किंकाळी.

"बाबा! आत एक मुलगी कोंडलीय!"

ठिणगी आणि कोडेकर जिना उतरून अंगणात पोचले, तोवर वादळच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. "एका म्हाताऱ्या बाईंचा फोन होता! रडत होत्या बिचाऱ्या! त्यांची नात राणी आत अडकलीय! बाकीची मुलं रेल्वेने गेली, ही एकटीच मागे राहिली! दार बंद करू नका म्हणाल्या आणि फोन कट झाला!"

काकांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. काका मनाने चांगले होते, पण समोरच्याचं वाक्य पुरं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. निम्म्यातच "कळलं, कळलं!" म्हणायचे आणि कामाला लागायचे.

"काका, नंबर बघून परत फोन—" ठिणगी म्हणाली.

"कळलं, कळलं! त्या जुन्या फोनवर कुठला आलाय नंबर? अहो मुकादम! थांबवा काम! आत लहान मुलगी आहे!"

धुरीवाल्यांचा मुकादम हातातला गोंदाचा डबा टाकून धावला. जाता जाता त्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक दिली, "अहो, पाच-सहा वर्षांची पोर आत राहिलीय!" पहारेकऱ्याने ते रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्याला सांगितलं, त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं आणि बघता बघता फाटकापाशी ही गर्दी जमली! मुलगी आता पाच वर्षांची होती, लाल फ्रॉक घातलेली होती आणि कालपासून उपाशी होती. फ्रॉकचा रंग कुणी पाहिला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

शोधाशोध सुरू झाली. टेबलांखाली, पडद्यांमागे, कपाटांत, न्हाणीघरात. "राणी! ए राणी, घाबरू नकोस, बाळ!" काकांचा आवाज सगळ्या खोल्यांत घुमत होता. वरच्या मजल्यावर संदर्भग्रंथांच्या खोलीत ठिणगी खिडकीशेजारच्या कोपऱ्यात वाकून पाहत होती. तिथे भिंतीला कमरेपर्यंत जुन्या फळ्या ठोकलेल्या होत्या आणि कुठूनतरी बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता.

"काका, हा कसला आवाज?"

"पंखा राहिला असेल चालू," काका मान वर न करता म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. "राणी! अगं, ओ तरी दे!"

सगळी इमारत दोनदा पालथी घातली. राणी नाही, फ्रॉक नाही, केसाची पिनसुद्धा नाही.

काका घामाघूम होऊन अंगणात आले. फाटकापाशी कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "पोरांनी थाप मारली वाटतं!" आणि काकांचा चेहरा बदलला.

"वादळ, खरं सांग. फोन आला होता का?"

"बाबा! शपथ!"

"सकाळपासून तुमचं कोडी-कोडी चाललंय ते मी ऐकतोय. हा त्यातलाच प्रकार ना? माझी सगळ्या गावात शोभा झाली! मुकादम माझ्याकडे कसे बघतायत पाहा!"

"काका, पण फोन खरंच वाजला होता, मी—" ठिणगी म्हणाली.

"कळलं, कळलं! आता एक अक्षर नको. तिघांनी त्या झाडाखाली बसायचं आणि धुरी सुरू होईपर्यंत जागचं हलायचं नाही. आणि तळं-बिळं विसरा आता!"

झाडाखाली बसल्यावर वादळला रडूच कोसळलं. कोडेकर काडीने मातीत रेघोट्या ओढत होता. आणि ठिणगीच्या कानशिलांमागे राग नुसता ठणकत होता. काकांचा राग, वादळचा राग, नाव बुडाली याचा राग! समोर मुकादमाची माणसं खालच्या खिडक्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत होती. मोठी शिडी अजून आडवी पडली होती.

"मी खोटं नाही बोलले, ताई," वादळ नाक ओढत म्हणाली.

"मग इतकी शोधूनही मुलगी सापडली कशी नाही?" ठिणगी उसळली. "कोडेकर! एवढी कोडी पाठ आहेत ना तुला? सांग आता! बंद घरात मुलगी आहे, सगळ्यांनी शोधलं, सापडत नाही. का?"

कोडेकर डोकं खाजवत राहिला. "हे पुस्तकात नाहीये."

"पुस्तकात नाहीये!" ठिणगीने कपाळावर हात मारला. "म्हणजे तुला उत्तरं पाठ आहेत, सोडवता एकही येत नाही! वर सगळ्या जगाला ऐकवतोस, पदरचं घातलंस, पदरचं—"

ती मध्येच थांबली. मग वादळकडे वळली.

"तू पदरचं काय घातलंस?"

"अं?"

"त्या बाई काय बोलल्या? तेवढंच सांग. तुला काय वाटलं, ते नको. 'माझी नात कोंडलीय' असं म्हणाल्या?"

"हो! म्हणजे... नात असं नाही म्हणाल्या."

"मुलगी?"

"तसंही नाही. पण राणी म्हणजे मुलगीच असणार ना!"

"वादळ!" ठिणगी किंचाळलीच. "बरं, म्हाताऱ्या होत्या कशावरून? रडत होत्या कशावरून?"

"आवाज घोगरा होता. आणि सारख्या नाक ओढत होत्या."

"मग सर्दी झाली असेल!" कोडेकर म्हणाला.

"अरे देवा! एक बाई नाक काय ओढते, तर घरभर रडारड!" ठिणगीने वादळचे खांदे धरले. "आता डोळे मीट. त्यांचे शब्द जसेच्या तसे. आपला एकही नाही. चुकलीस तर फटका देईन!"

वादळने डोळे घट्ट मिटले. मग ती अडखळत, आठवत बोलू लागली. "'हॅलो, वाचनालय ना? ऐका, राणी अजून आतच आहे. वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारी. मागच्या खेपेला बाकीच्यांपैकी बऱ्याचशांना डब्यातून नेलं मी, पण ती काही हाती लागली नाही. ती आहे तोवर बाकीच्याही तिथून हलायच्या नाहीत. मी निघालेय. तोवर दारं-खिडक्या बंद करू नका, आणि धुरी तर मुळीच—' मग कट झाला."

"रेल्वे कुठे आहे यात?"

"डब्यातून नेलं ना! डबा म्हणजे रेल्वेचाच!"

ठिणगीने डोळे मिटले आणि राग गिळला. "पुढे. अडकलीय, असं म्हणाल्या?"

"नाही. 'आतच आहे' म्हणाल्या."

"म्हणजे अडकलेली नाहीच," कोडेकर हळूच म्हणाला. "कदाचित तिचं घरच आहे ते."

"तू गप्प—" ठिणगी म्हणाली आणि पुन्हा थांबली. "नाही, नको गप्प बसूस. वादळ, 'बाकीचे हलायचे नाहीत' म्हणाल्या की 'बाकीच्या हलायच्या नाहीत'?"

"बाकीच्या. नक्की. मला चमत्कारिकच वाटलं. सगळ्या मुलीच कशा?"

"सगळ्या बायका, एकही पुरुष नाही," कोडेकर बोटांवर मोजत पुटपुटला. "राणी आणि तिच्या दासी? डब्यात मावणाऱ्या दासी?"

"आणि राणीला सोडून कुठेच न जाणाऱ्या," ठिणगी म्हणाली. "धुरीने मरणाऱ्या. खिडकीशेजारी. खिडकीशेजारी काय होतं? नुसत्या फळ्या होत्या. आणि पंख्याचा आवाज..."

तिने मुकादमाकडे पाहिलं. सकाळी आल्याआल्या त्याने पहिलं काम काय केलं होतं? औषधाला ठिणगी लागू नये म्हणून इमारतीची वीज तोडली होती! त्यावरून काकांनी तिची थट्टाही केली होती, "ठिणगे, तू लांबच राहा हो!" वीज सकाळपासून नाही. मग पंखा फिरतो कशावर?

"मधमाश्या!" ठिणगी ताडकन उठली. "राणी म्हणजे राणीमाशी! भिंतीतल्या फळ्यांमागे मधमाश्यांचं पोळं आहे!"

तिघांनी एकाच वेळी वर पाहिलं. संदर्भग्रंथांच्या खोलीच्या खिडकीवर एक जुना झरोका होता. त्याच्या तोंडाशी बारीक काळे ठिपके ये-जा करत होते. सकाळपासून दिसत असणार ते, पण माश्या कोण मोजतो! आणि नेमकी त्याच झरोक्याखाली आता मोठी शिडी लागत होती. एक कामगार काखेत कागदाचं भेंडोळं आणि हातात गोंदाचा डबा घेऊन पहिल्या पायरीवर चढला होता.

"तो माणूस सरळ त्यांच्या तोंडात हात घालणार!" वादळ ओरडली.

"काका!" ठिणगी धावत गेली. "काका, ऐका, राणी म्हणजे—"

"पुन्हा राणी?" काका कडाडले. "सांगितलं ना, जागचं हलायचं नाही!"

"पण ती मधमा—"

"कळलं, कळलं! एक शब्द नकोय मला! मुकादम, मोठं दार आणि ती वरची खिडकी तेवढी राहिलीय ना? उरका!"

पालथ्या घड्यावर पाणी! ठिणगी दोन पावलं मागे आली. तिच्या डोळ्यांत आता संतापाने पाणी आलं होतं. सांगून उपयोग नव्हता. एकदा खोटी ठरलेली हाक दुसऱ्यांदा कोण ऐकतो?

"वादळ, तू शिडीकडे जा. त्याला खाली उतरव. कसंही कर. पाय धर, ओरड, काय वाटेल ते!"

असलं काम वादळला सांगावं लागत नव्हतं. ती निघालीसुद्धा.

"कोडेकर, तू फाटकावर. त्या बाई निघाल्यात. गाडी दिसली की आत आण."

"आणि तू?"

"मुकादम सकाळी काय म्हणाला होता? आत एकही माणूस असेल तर धुरी सोडायची नाही. त्यांचा नियमच आहे." ठिणगीने वेणी मागे टाकली. "त्यांना आत मुलगी हवी होती ना? देते त्यांना मुलगी!"

ती मोठ्या दाराकडे सुसाट पळाली. मुकादमाचा माणूस पट्टी कापत होता. त्याच्या हाताखालून ती आत घुसली, जिना चढून संदर्भग्रंथांच्या खोलीत गेली आणि खिडकीतून डोकं काढून बेंबीच्या देठापासून ओरडली, "काका! मी आत आहे! मी बाहेर येणार नाही!"

फाटकापाशी एकच गलका झाला. "सापडली! सापडली! ती बघा मुलगी!"

काका दोन-दोन पायऱ्या चढत वर आले, मागून मुकादम. काकांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी ठिणगीचा दंड धरला.

"हा काय तमाशा आहे? चल खाली!"

"येते. पण आधी इथे कान लावा."

"ठिणगे, माझा अंत पाहू नकोस!"

"तुम्ही माझा पाहिलात!" ठिणगी रडत-ओरडत म्हणाली. "सकाळपासून एकाने माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही! एकदाच, फक्त एकदाच ऐका! या फळीला कान लावा. तुम्ही म्हणालात पंखा आहे. वीज तर मुकादमांनी सकाळीच तोडलीय. मग हा पंखा कशावर चालतोय?"

काका काहीतरी बोलणार होते. पण मुकादम आधीच गुडघ्यांवर बसला होता. त्याने फळीला कान लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "भिंत कोमट लागतेय. आणि आत कितीतरी माश्या घोंघावतायत! माझा माणूस—" तो खिडकीकडे झेपावला.

खाली शिडीवर कामगार झरोक्याच्या अगदी जवळ पोचला होता. पण पुढे जाऊ शकत नव्हता, कारण वादळने त्याच्या मागोमाग चढून त्याची विजार दोन्ही मुठींत गच्च धरली होती.

"सोड, पोरी! विजार फाटेल!"

"फाटू दे! आधी उतरा!"

"ए, उतर खाली!" मुकादम गरजला. "हळू! हात हलवू नकोस! आग्या-बिग्या काय असेल ते असो, माश्या आहेत तिथे!"

कामगाराने मान वर करून पाहिलं. तो इतका हळू उतरला की जणू शिडी काचेची होती. एका माशीने त्याच्या कानाला प्रसाद दिलाच. पण त्याच झरोक्यात त्याने मनगटापर्यंत हात घातला असता तर काय झालं असतं, हे सगळ्यांना बोलून न दाखवताही कळलं.

काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी घाम पुसला. "पण मला कुणी बोललं कसं नाही?"

"बोलत होते, काका," ठिणगी म्हणाली. आता तिचा आवाजही बसला होता.

खाली हॉर्न वाजला. कोडेकर गाडीच्या पुढे धावत, दोन्ही हात पसरून तिला वाट दाखवत होता. गाडी थांबली. चालकाच्या बाजूने एक धिप्पाड, झुपकेदार मिशांचा गृहस्थ उतरला. काका लगबगीने जाऊन त्याचे हात हातात घेत म्हणाले, "या, या! तुम्हीच ना मधमाश्यांचे तज्ज्ञ? मोठी कृपा झाली!"

गृहस्थ दचकून मागे सरकला. "मी? छे हो! मला तर माशीची सावलीसुद्धा सहन होत नाही. मी नुसती गाडी चालवतो. त्या बघा."

दुसऱ्या बाजूने एक लहानखुरी, तरुण बाई जाळीची टोपी बगलेत मारून उतरली. तिचं नाक लालभडक झालं होतं आणि ते ती सारखी ओढत होती.

कोडेकरने वादळकडे पाहिलं. वादळने झाडाकडे पाहिलं.

"राणी आहे ना अजून?" बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "तुमच्या ग्रंथपालबाईंनी मागच्या आठवड्यात बोलावलं होतं मला. बरंचसं मोहोळ काढून नेलं, पण राणी फळीमागे खोल शिरली. काल त्यांनी फोनवर सांगितलं, आज इथे धुरी आहे, पण रजेवर जाण्यापूर्वी व्यवस्थापकांच्या कानावर घातलंय म्हणून. तरी मला राहवेना. वाटेत फोन लावला, तर डोंगराआड गाडी शिरली आणि तो तुटला."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"त्या म्हणाल्या होत्या," काका खाली मान घालून म्हणाले. "'वरच्या भिंतीतल्या' असं काहीसं. मी म्हटलं, कळलं, कळलं. मला वाटलं, वाळवीबद्दलच बोलतायत."

"पण बाई," ठिणगीला राहवलंच नाही, "तुम्ही तरी फोनवर 'मधमाश्या' असं का नाही म्हणालात? एक शब्द! एकच शब्द हवा होता!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग जोरात शिंकल्या. "खरंच की! अगं, आम्ही दिवसभर राणी, राणीच म्हणत असतो. मला वाटलं, राणी म्हटलं की सगळ्यांना कळतंच."

ठिणगीने हात जोडले. कुणाकुणावर चिडणार?

गर्दी पांगवली. बाईंनी जाळीची टोपी चढवली, एका भांड्यातून थोडासा पांढरा धूर झरोक्यात आणि फटींत सोडला आणि फळ्या एक-एक करून अलगद उचकटल्या. मुलांना त्यांनी दाराच्या काचेमागून बघायची परवानगी दिली. फळ्यांमागे मेणाचे पडदे लोंबत होते, त्यांच्यावर माश्यांचा जिवंत, हलता थर. बाईंची बोटं त्या थरावरून सावकाश फिरत होती. बराच वेळ गेला. मग त्यांनी एका छोट्या पिंजऱ्यात काहीतरी अलगद घेतलं आणि काचेजवळ आणून धरलं. इतर माश्यांहून लांब, तकतकीत पोटाची एक माशी शांतपणे चालत होती.

"हिच्यासाठी एवढा दंगा!" वादळ कुजबुजली.

पिंजरा लाकडी पेटीत ठेवला. आधी दोन-चार माश्या आल्या, मग दहा-वीस, आणि मग भिंतीतून जणू तपकिरी पाणी वाहू लागलं. पेटीच्या तोंडाशी माश्या शेपट्या वर करून पंख फडफडवत उभ्या राहिल्या. मागच्यांना वाट कळावी म्हणून त्या वास पसरवतात, असं बाईंनी आतून सांगितलं. ठिणगीने काचेला कपाळ टेकवलं. सकाळपासून तिच्या कानशिलांमागे ठणकणारं काहीतरी तिच्या नकळत थांबलं होतं.

ऊन कलल्यावर पेटी गाडीत चढली. कानाला चुना लावलेला कामगार वादळसमोर येऊन उभा राहिला. "पोरी, विजार गेली, पण हात वाचला," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर थाप दिली. मुकादमाने कोडेकरला विचारलं, "हे सगळं तू सोडवलंस म्हणे?"

कोडेकरने मोठ्या कष्टाने खरं सांगितलं. "नाही. ताईने. मला फक्त पुस्तकातली येतात."

रात्री जेवताना मावशीने सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. काका एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी ते ठिणगीला म्हणाले, "मी तुम्हाला खोटारडं ठरवलं. ते माझं चुकलं."

"मीही आधी मुलगीच शोधत होते, काका," ठिणगी म्हणाली. "टेबलाखाली हाका मारत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरीवाले पुन्हा आले. खिडक्यांच्या पट्ट्या चिकटल्या, झरोका बुजला, फक्त मोठं दार राहिलं. मुकादमाने विचारलं, "लावू का, साहेब?"

"मला नका विचारू," काका म्हणाले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा ठिणगीच्या हातात दिला. "आत कुणी नाही ना, हे ती बघून येईल. ती हो म्हणाली की लावा. आणि तिला लागेल तेवढा वेळ लागू दे. तळं काही पळून जात नाही."

ठिणगी एकटी आत गेली. खालच्या खोल्या, न्हाणीघर, जिन्याखालची अडगळ, सगळं तिने पाहिलं. वरच्या मजल्यावर प्रत्येक भिंतीला कान लावला. फळ्या काढलेल्या भिंतीशी ती थोडा वेळ उभी राहिली. तिथे आता नुसता मेणाचा वास होता. एका कोपऱ्यात तिला एक कोळी दिसला. त्याला तिने कागदावर घेतलं, खाली आणलं आणि अंगणात सोडून दिलं.

"आत कुणी नाही," ती म्हणाली. "आता लावा दार."